चौतीस इंच

माझ्या मोठ्या भावाचा उजवा पाय दोनदा मोडला. पहिल्यांदा चार जणांनी मोडला, सोनपेठला, भर बाजारच्या दिवशी. दुसऱ्यांदा आम्ही घरच्यांनीच मोडला, पूर्णेला, आमच्या रेल्वे क्वार्टरच्या अंगणात. पहिल्या मोडण्याबद्दल मी आजही शिव्या घालते, कुणाच्याही समोर घालते. दुसऱ्याबद्दल तोंड उघडायला मला इतकी वर्षं लागली.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. रेल्वेतला तिसरा वर्ग नुकताच कागदावरून गेला होता. डबे तेच, बाकं तीच, फक्त बाहेरचा आकडा रंगवून बदलला होता. ते आकडे रंगवायच्या आधी डबे दुरुस्त करणाऱ्यांत आमचे बाबा होते. पूर्णा जंक्शनच्या शेडमध्ये ते सुतार. घरात बाबा, दादा आणि मी. आई मी सहा वर्षांची असतानाच गेली होती. दादा शेतकी शिकला होता, आणि मातीचा पुढचा अभ्यास करायला विलायतेतल्या एका विद्यापीठानं त्याला बोलावलं होतं. शिष्यवृत्ती दिली, विमानाचं तिकीटही धाडलं. अट एकच होती. ठरलेल्या सोमवारी सकाळी तिथं हजर व्हायचं, नाही झालास तर तुझी जागा यादीतल्या पुढच्या माणसाला.

तिकीट म्हणजे एक पातळ वही होती, आत लाल कार्बन. बाबांनी ती आधी विहारात नेऊन ठेवली, मग शेडमध्ये सगळ्यांना दाखवली, आणि मग पत्र्याच्या पेटीत लग्नाच्या धोतराखाली ठेवली. दादाचं नाव, मुंबई, लंडन, तारीख, वेळ, विमानाच्या फेरीचा नंबर आणि साध्या वर्गाचं एक अक्षर, एवढं त्यावर होतं. विमान कोणतं, ते नव्हतं. तेव्हा ते कुणाला खटकलंही नाही. कोणतं का असेना, उडणार तर होतंच.

जायच्या आधी आत्याला भेटून यावं म्हणून दादा आणि मी सोनपेठच्या पलीकडच्या आमच्या गावी गेलो. मी तेव्हा सोळा वर्षांची. परत येताना सोनपेठचा बाजार होता. बसमध्ये दादा ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला आणि मला खिडकीशी बसवलं. ते बाक त्या मार्गावर एका बड्या घरासाठी मोकळं सोडायची वहिवाट होती. बस खच्चून भरली, बाया लेकरं घेऊन उभ्या राहिल्या, तरी त्यावर कुणी टेकायचं नाही. दादाला ते ठाऊक होतं. मलाही होतं. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो गालातल्या गालात हसला, आणि मला इतका आनंद झाला की मी पाय हलवत बसले.

चौघं चढले. तिघं तरणे, एक जरा पोक्त.

"ऊठ रे."

"तिकीट काढलंय," दादा म्हणाला.

"जागा कुणाची हाय, ठाऊक न्हाई का तुला?"

"कुणाचीच न्हाई. आधी आलो, बसलो."

"लंडनला जायलाय म्हून लय माज आला व्हय?"

म्हणजे बातमी तिथवर पोचली होती. एकानं कॉलर धरली, दुसऱ्यानं केस. दादानं बाकाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी पकडून ठेवला, तर तिसऱ्यानं बोटांवर चपलेची टाच मारली. पहिली दोन बोटं सुटली, मग बाकीची. मी त्या कॉलरवाल्याच्या मनगटाला चावले. वरवर नाही, दात आत जाईपर्यंत चावले. तोंडात रक्त आलं, खारट, तंबाखूच्या वासाचं, आणि मी सोडलं नाही. मनगट सोडवायला त्यानं माझ्या कानातलं डूल धरून ओढलं. पाळी फाटली. ती आजही दोन भागांत आहे. नातवंडं विचारतात तेव्हा मी खरं तेच सांगते.

दादाला खाली ओढलं. बसच्या पायरीवर त्याचा पाय आडवा ठेवला, एक जण त्याच्या छातीवर बसला, आणि त्या पोक्तानं ड्रायव्हरकडून जॅकचा लोखंडी दांडा मागून घेतला. तीन वेळा मारला. दुसऱ्या वेळी वाळलेली तुराटी मोडल्यासारखा आवाज आला. तिसरा तरीही मारला. सगळा बाजार बघत होता. धूळ उडायला लागली म्हणून एका भाजीवाल्यानं मेथीवर पोतं टाकलं, तेवढीच काय ती हालचाल. मग ते चौघं बसमध्ये चढले, पोक्त माणूस आमच्या बाकावर बसला, मी बसले होते त्याच खिडकीशी, आणि बस गेली.

कापसाच्या ट्रकवाल्यानं आम्हाला परभणीपर्यंत आणलं. कापसावर दादा उताणा, मी शेजारी, आणि पांढरा कापूस आम्हा दोघांच्याही रक्तानं चिकट झालेला. केस झाली. केसचं पुढं काय झालं ते सांगत बसत नाही, कारण काही झालं नाही.

गुडघ्याच्या खालचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी जांघेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं, पाय काठीसारखा सरळ. "आठ आठवडे," ते म्हणाले. "गुडघा अजिबात वाकवायचा नाही. आत्ता वाकवलात तर हाड सरकेल, मग मी हात लावणार नाही." दादानं विमानाबद्दल विचारलं. ते चोवीस दिवसांवर आलं होतं. डॉक्टरांनी जरा विचार केला. "सरळ पाय ठेवून बसता येत असेल तर खुशाल जा. ते विमान कसलं आहे त्यावर आहे सगळं."

इथून आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही. विमान कसलं आहे? त्यात खुर्च्या कशा आहेत? पाय बसेल का?

बाबांच्या ओळखीच्या कुणीच विमान जवळून पाहिलं नव्हतं. पण रेल्वेच्या माणसाला निरोप धाडायची एक रीत असते. बाबांनी चिठ्ठी लिहवून घेतली आणि आमच्या शेजारच्या गार्डकाकांकडे दिली. ते मनमाडपर्यंत गाडी घेऊन जायचे. मनमाडला गाडी बदलते, तिथं त्यांनी ती मुंबईच्या गार्डाकडे दिली. त्या गार्डाचा मेहुणा फोर्टात कुठंतरी नोकरीला होता, तो विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन खिडकीवरच्या बाबूला विचारून आला. पाचव्या दिवशी उत्तर त्याच वाटेनं परत आलं, शेंगदाण्याच्या तेलाचा डाग पडलेलं.

बाबूनं लिहिलं होतं: आठवड्यातून दोन दिवस या फेरीला जम्बो जातं, बाकीचे दिवस जुनं लहान जेट. तुमची तारीख लहान जेटची. मध्ये बोळ, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या, सगळ्यांची तोंडं पुढं. साध्या वर्गात खुर्च्यांमधलं अंतर चौतीस इंच.

चिठ्ठी मी मोठ्यानं वाचली. बाबांना अक्षरं लागत नसत, सही आणि आकडे तेवढे यायचे. त्यांनी आकडा बोटानं दाबून धरला. "चौतीस," ते म्हणाले, आणि कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर लिहिला. मग त्यांनी दादाच्या पायाचं माप घेतलं, पाठ भिंतीला टेकवून, कुल्ल्यापासून टाचेपर्यंत. बेचाळीस इंच.

दुसऱ्या दिवशी शेडच्या मुकादमाला विचारून त्यांनी भंगारातल्या बाकांच्या फळ्या आणल्या, आणि अंगणात विमान बांधायला घेतलं. तीन खुर्च्या मागं, तीन पुढं. बसायची फळी अठरा इंच खोल, कारण डब्यातली साधारण तेवढीच असते. शेडमध्ये अंतर म्हणजे दोन बाकांच्या काठांमधली मोकळी जागा. माणसांचे गुडघे जिथं एकमेकांना भिडतात ती. बाबांनी तीस वर्षं तेच माप घेतलं होतं. त्यांनी मागच्या खुर्चीच्या काठापासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत चौतीस इंच मोकळे सोडले आणि खिळे ठोकले.

दादाला आम्ही उचलून बसवलं. पाय समोर आडवा, आणि टाचेच्या पुढं जागा उरली. बाबांनी पट्टी लावली.

"धा इंच खाली राहायलेत!" ते ओरडले. "धा इंच!"

माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून आमच्या अंगणात रोज विमान उडायला लागलं. कॉलनीतल्या बाया, गँगमन, फायरमन, सगळे येऊन बसून गेले. कमरेला सुतळी बांधायची, आणि गार्डकाका शिट्टी वाजवून हिरवी झेंडी दाखवायचे. दादा पांघरुणातून हसायचा. त्या हल्ल्यानंतर तो पहिल्यांदा हसला तो त्या लाकडी खुर्चीत, आणि मी मनात म्हटलं, आता त्या चौघांच्या छाताडावर नाचायला मी मोकळी.

विमानाला नऊ दिवस उरले असताना फौजी आला. सेलूच्या एका कापूस जिनिंगमध्ये तो मशीनवर होता, त्याआधी हवाई दलात मेकॅनिक. गार्डकाकांची आणि त्याची गाडीतली ओळख. बाबांनीच बोलावलं होतं, एकदा जाणकार नजरेखालून जावं म्हणून. जमीनदार घरातला, धोतर-टोपीतला, पन्नाशीचा माणूस. आडनाव ऐकलं तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण सोनपेठच्या त्या घराच्या सोयऱ्यांत ते आडनाव होतं. आमच्या घरचा चहा तो निमूट प्यायला. मला वाटलं, दाखवायला पितोय.

तो खुर्च्यांभोवती एक फेरी मारून उकिडवा बसला.

"मिस्तरी, ह्ये माप कुठून कुठवर घेतलंत?"

"ह्या काठापासून त्या पाठीपर्यंत. चौतीस."

"तसं नसतंय. इमानात पाठीपासून पाठीपर्यंत मोजतेत. ह्या पाठीचा ह्यो खिळा धरा, अन् म्होरच्या पाठीचा ह्योच खिळा. तेवढ्यात चौतीस. बसायची फळी, पाठीची जाडी, समदं त्याच्यातच आलं."

फौजीनं स्वतः खिळे उपसले आणि पुढची ओळ मागं सरकवली. सरकवली, आणखी सरकवली, आणखी. मला वाटलं हा थांबतच नाही. पाठीची जाडी जाऊन दादाच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीपर्यंत एकतीस इंच उरले. पाय बेचाळीस.

दादानं प्रयत्न केला. तिरका बसला, पाठ घसरवली, दात खाऊन टाच खाली घालायला बघितली. प्लास्टर फळीवर आपटलं आणि तो असा ओरडला की कॉलनीतली कुत्री भुंकायला लागली.

मी बाबांचा रंधा उचलला आणि फौजीच्या तोंडावर फेकला.

रंधा त्याच्या कपाळाला लागला. टोपी पडली, भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. बाबांनी वळून माझ्या कानशिलात लगावली. फाटक्या कानाच्या बाजूलाच बसली. त्यांनी मला आयुष्यात त्या एकदाच मारलं.

फौजीनं उपरणं कपाळाला बांधलं. मग पट्टी माझ्यासमोर धरली.

"घे, तू मोज. मला मारून इंच वाढत न्हाईत, बाई."

मी मोजलं. एकतीसच भरले. बाबांनी पट्टी माझ्या हातातून घेतली, स्वतः मोजलं, उठून कुऱ्हाड आणली आणि पुढच्या ओळीवर घातली. फळ्या फुटत होत्या, ढलप्या उडत होत्या, एक माझ्या गालाला लागली. तीस वर्षं ज्या मापाच्या जोरावर ते शेडमध्ये ताठ चालले, त्याच मापानं त्यांना तोंडघशी पाडलं होतं. दुसऱ्या ओळीवर कुऱ्हाड उचलली तेव्हा दादा ओरडला.

"फोडू नका! ती खुर्ची माझी हाय!"

बाबांची कुऱ्हाड तशीच खाली आली, जमिनीत.

फौजी म्हणाला, "बोळात पाय काढू देणार न्हाईत. पन सगळ्यात म्होरच्या ओळीपुढं भिंत असती, तिथं जागा असती. ती मागून बघा."

पुन्हा चिठ्ठी गेली. या वेळी उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. पुढची ओळ तान्ही लेकरं घेतलेल्या बायांना देतात, पाळणा तिथंच टांगता येतो. आधी शब्द देता येत नाही. विमानतळावर मागून पाहावं, रिकामी नसेल तर एखाद्या बाईला विनंती करून मागं बसवता येईल. आजारपणाचं सांगून तारीख पुढं ढकलता येईल, पण विद्यापीठाचा सोमवार कुणी ढकलणार नव्हतं.

"मागू की," बाबा म्हणाले. "हात जोडू. तुझा पाय बघून कोन न्हाई म्हनंल?"

दादाचा चेहरा पांढरा पडला होता.

"लेकरू घेतलेल्या बाईला कुणी येऊन 'ऊठ' म्हनावं, अन् तिथं मी बसावं? माझ्यासाठी? बाबा, माझा पाय कामून मोडला, ते इसरलात का तुमी?"

"मग काय करायचं, सांग."

"ज्या खुर्चीचं तिकीट हाय, त्या खुर्चीतच बसायचं. वाकवा पाय."

मी त्याच्या बाजूनं बोलले. ते इथं नोंदवून ठेवते. बाबा नको म्हणत होते, फौजी नको म्हणत होता, गार्डकाका तर उठूनच गेले. मी म्हटलं, वाकवा. पाय वाकडा झाला तर झाला, पण त्या चौघांमुळं दादा घरी बसला, असं मी होऊ देणार नाही. मला दादा जायला हवा होता, का ते चौघं हरायला हवे होते, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

सहा दिवस उरले होते. बाबांनी योजना केली. प्लास्टर गुडघ्यावर कापायचं, खाली लाकडी पाचर ठेवायची, रोज दोन बोटं पाचर काढत न्यायची. तीन दिवसांत पाय खुर्चीच्या मापात येईल. सुताराची योजना होती, आणि लाकडाच्या बाबतीत ती बरोबरही ठरली असती.

रविवारी सकाळी फौजी पुन्हा आला, कपाळावर खपली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. दादाला त्याच लाकडी खुर्चीत बसवलं. बाबांनी बारीक दातांच्या करवतीनं प्लास्टर कापलं. पांढरी भुकटी त्यांच्या हातांवर, मिशांवर बसली. आतून पाय निघाला तो बारका, पिवळा, कुबट वासाचा, दुसऱ्याच कुणाचा असावा असा. दादाच्या तोंडात पंचाची घडी दिली. फौजीनं त्याचे खांदे मागून धरले. बाबांनी मांडी धरली. पाऊल दाबायला तिसरा माणूस हवा होता.

"तू दाब," बाबा मला म्हणाले. "सावकाश. मी बास म्हनलं की थांब."

मी पाऊल धरलं. थंड होतं. हळूच दाबलं. दादाच्या घशातून आवाज आला, पंचातून फुटून बाहेर. गुडघा हलला नाही. बाबा म्हणाले, "जरासं आनखी." मी दाबलं. दादानं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या त्या बघण्यात मला बसची पायरी दिसली. त्याच्या छातीवर बसलेला माणूस दिसला. जॅकचा दांडा दिसला, मेथीवर पोतं टाकणारा दिसला. माझ्या अंगाची आग झाली. पुढं मी दादाचा पाय दाबत नव्हते. मी त्यांना मारत होते. दोन्ही हातांनी, पोटानं, सगळ्या वजनानं.

"बास!" बाबा ओरडले. "बास, बास!"

तुराटीचा आवाज मी ओळखते. तो दुसऱ्यांदा ऐकला.

दादा बेशुद्ध झाला. पाय वाकला होता, तीन दिवसांचं काम एका दमात झालं होतं, फक्त गुडघ्याच्या खाली जिथं सरळ असायला हवं तिथं एक उंचवटा आला होता. फौजीनं त्यावरून हात फिरवला. बाबा म्हणाले, "बसला. मापात बसला." ते स्वतःशीच बोलत होते. त्यांनी फळ्यांच्या पट्ट्या तासल्या आणि पाय तसाच वाकलेला बांधला, एकतीस इंचांत मावेल असा. मी अंगणाच्या कोपऱ्यात ओकत होते. माझ्याशी कुणी रागानं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

दादाला ताप चढला, उतरला. पाचव्या दिवशी गार्डकाकांच्या डब्यातून तो मुंबईला निघाला. बाबा सोबत गेले. स्टेशनवर फौजी आला होता. त्यानं जिनिंगमधल्या सागवानाच्या कुबड्या करून आणल्या होत्या. दादानं मला जवळ बोलावलं आणि माझ्या फाटक्या कानावर बोट ठेवलं. "आपली जागा सोडली न्हाई आपन," तो म्हणाला. त्याला वाटत होतं मला धीर देतोय.

बाबा मुंबईहून परत आले ते खुशीत. विमान त्यांनी लांबून जाताना पाहिलं होतं, अंधारात, नुसते दिवे. दादा सोमवारी हजर झाला. तार आली, कॉलनीत गूळ वाटला.

मग पत्र आलं, पाकिटावर माझं नाव. बाबा शेडमध्ये होते म्हणून मी आधी एकटीनं वाचलं.

विद्यापीठाचं, थंडीचं, भाताऐवजी काय मिळतं त्याचं सगळं होतं. पायाचंही होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हाड चुकीचं बसलंय, दीड इंच आखूड झालंय, पुन्हा मोडून बसवावं लागेल. दादानं नको म्हटलं होतं. मग त्यानं लिहिलं होतं: "तुला एक सांगतो, बाबांना सांगू नकोस. ते लहान जेट त्या दिवशी नादुरुस्त होतं. ऐन वेळी त्याच्या जागी जम्बो आणलं. एवढं मोठं विमान, आणि माणसं निम्मीसुद्धा नव्हती. माझ्या ओळीत मी एकटाच होतो. विमानातल्या बाईनं कुबड्या बघितल्या, खुर्च्यांमधले हात वर केले, दोन उशा आणल्या, आणि म्हणाली, आता पाय लांब करून निजा. मी म्हटलं, बरं. पण बाबांनी बांधलेलं सुटणारं नव्हतं. ती दोनदा येऊन सांगून गेली, पाय लांब करा म्हणून. मी तसाच बसलो, लंडनपर्यंत."

मला विमानाचा राग आला नाही, कंपनीचा आला नाही, त्या बाबूचाही नाही. कागदावर तेव्हा जे खरं होतं ते त्यानं लिहिलं होतं. मी उठले, अंगणात गेले, त्या उरलेल्या लाकडी खुर्चीवर लाथा मारत राहिले, पायाचं नख उचकटेपर्यंत. चौतीस, एकतीस, बेचाळीस. एकही आकडा कामाचा नव्हता. तीन दिवस सावकाश दाबलं असतं तरी आकडे तेच राहिले असते, पण हाड राहिलं असतं.

संध्याकाळी बाबा आले. हात धुऊन खुर्चीतच बसले, त्या लाकडी. "वाच," म्हणाले.

मी वाचलं. थंडी वाचली, भात वाचला. त्या जागेवर आले तेव्हा थांबले.

"अन् इमानाचं? पाय बसला का?"

मी कागदाकडे बघत म्हटलं, "दादा लिहितोय, खुर्ची लय अडचणीची होती. पुढच्या खुर्चीची पाठ गुडघ्याला घासत होती. तुमी बांधून दिला तसाच पाय बरोबर मावला. जरा जरी सरळ असता, तर उतरवून दिलं असतं."

बाबांनी खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला. करवत धरून धरून त्या तळव्याला घट्टे पडले होते.

"एक इंचही शिल्लक न्हाई राहिला?"

"न्हाई राहिला."

"मग ठीक केलं आपन," ते म्हणाले. "तेवढं पुन्हा वाच."

मी पुन्हा तसंच वाचलं.